नासाचे वऱ्हाडातले अघोषित प्रवक्ते भाऊसाहेब यांस

प्रति,
श्रीयुत भाऊसाहेब,
स्वयंनियुक्त ज्ञानप्रमुख,
संगणकवेड्यांचा ग्रुप, अमरावती-अकोला.

विषय : आपण रोज पहाटे वाटत असलेल्या ज्ञानाबद्दल आभार, आणि ते आटोपतं घेण्याबद्दल विनंती.

स. न. वि. वि.

भाऊ, पत्रात तुमचं नाव घालत नाही. घालायची गरजही नाही. राजकमल चौकापासून टॉवर चौकापर्यंत ज्याच्या खिशात मोबाईल आहे, त्याच्या एका ना एका ग्रुपवर तुम्ही आहातच. आमच्या ग्रुपवर जरा जास्तच आहात. अमरावती-अकोल्याच्या संगणकवेड्यांनी मिळून हा ग्रुप केला तेव्हा हेतू साधा होता. कोणाचा लॅपटॉप सुरू होत नसेल तर त्याने विचारावं, कोणाला जुनी रॅम विकायची असेल तर सांगावं, आणि रात्री जेवणं झाली की संगणकाच्या दुनियेतल्या चार सुरस गोष्टींवर वाद घालावा. वऱ्हाडी माणसाला वाद घालायला निमित्त लागत नाही. इथे तर निमित्तही होतं. मग तुम्ही आलात आणि सगळे वाद मिटले. कारण तुम्ही जे टाकता त्यावर वाद होऊच शकत नाही, त्याखाली 'नासाने मान्य केले' असं लिहिलेलं असतं.

नासाचा आणि तुमचा इतका घरोबा कसा झाला, हे कोडं आम्हाला अजून सुटलेलं नाही. त्या संस्थेला आपले शोध स्वतःच्या संकेतस्थळावर टाकायचा संकोच वाटत असावा. ती आधी तुम्हाला कळवते, मग तुम्ही आम्हाला कळवता. 'आज रात्री साडेबारा ते साडेतीन मंगळावरून कॉस्मिक किरणं पृथ्वीजवळून जाणार आहेत, मोबाईल बंद करून लांब ठेवा, नासा आणि बीबीसीची बातमी' हा संदेश तुम्ही दरवर्षी ज्या नेमाने पाठवता, तो नेम लोक विम्याच्या हप्त्यालाही पाळत नाहीत. वैश्विक किरणं पृथ्वीवर बारा महिने, चोवीस तास येत असतात आणि त्यांना साडेबाराची वेळ कोणी दिलेली नसते, हे आम्ही एकदा सांगून पाहिलं. त्यावर तुम्ही हात जोडल्याचं चित्र टाकलंत. आणि मोबाईल बंद ठेवायला विसरलेल्यांसाठी तुमचा दुसरा संदेश रात्री सव्वाला आला, तोही तुमच्याच मोबाईलवरून.

पण हे झालं किरकोळ. तुमचं खरं कर्तृत्व म्हणजे शनिवारची प्रश्नमंजुषा.

आठवते का ती रात्र? प्रश्न होता, 'ई-मेलचा शोध कोणी लावला?' बडनेऱ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणाऱ्या एका पोट्ट्याने उत्तर दिलं : रे टॉमलिन्सन, १९७१. नेटवर्कवरून एका संगणकावरच्या माणसाचं टपाल दुसऱ्या संगणकावरच्या माणसाला त्यांनी पाठवलं, आणि नाव आणि ठिकाण यांच्या मध्ये ॲटचं चिन्ह घालायची युक्तीही त्यांचीच. उत्तर नेमकं होतं, वर्षासकट होतं. तुम्ही त्यावर लाल फुली मारलीत. तुमच्या उत्तरतालिकेत 'मुंबईत जन्मलेला चौदा वर्षांचा भारतीय मुलगा' असं होतं.

आता त्या मुलाची गोष्ट खोटी नाही. शिवा अय्यादुराई यांचा जन्म मुंबईचा. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये शाळेत असताना, १९७८च्या सुमारास, त्यांनी तिथल्या एका वैद्यकीय महाविद्यालयासाठी कार्यालयीन टपालाचा प्रोग्राम लिहिला, त्याला 'ईमेल' हे नाव दिलं आणि १९८२ मध्ये त्याचा कॉपीराइट घेतला. चौदाव्या वर्षी हे करणं कौतुकाचंच आहे. पण कॉपीराइट मिळतो तो लिहिलेल्या प्रोग्रामला, कल्पनेच्या जन्माला नाही. आणि १९७१ हे साल १९७८च्या आधी येतं, हे ठरवायला नासाची मदत लागत नाही. पोट्ट्याने हेच सभ्य भाषेत लिहिलं, पुरावाही जोडला. तुम्ही उत्तर दिलंत, 'परदेशी स्रोतांवर विश्वास ठेवणाऱ्यांनी आत्मपरीक्षण करावे.' खाली तीन तिरंगे. त्यानंतर त्या पोराने ग्रुपवर एक अक्षर लिहिलेलं नाही. कोणीतरी त्याला वेगळा फोन करून विचारलं, तर म्हणाला, 'जाऊ द्या ना काका, भाऊच बरोबर हायेत म्हणा. मले वाद नाई घालाचा, मी शिकाले आलतो.'

भाऊ, ही तुमची पहिली विकेट.

दुसरी विकेट अकोल्याचे आमचे रिपेअरिंगवाले काका. प्रश्न होता, '६४० केबी मेमरी कोणालाही पुरेल असं कोण म्हणालं?' तुमचं उत्तर अर्थातच बिल गेट्स, १९८१. आपण असं कधी म्हटलंच नाही, हे गेट्स यांनी स्वतः सांगितलं आहे. ते कुठे आणि कधी म्हणाले हे इतक्या वर्षांत कोणाला दाखवता आलेलं नाही. काकांनी त्यावर खरी गोष्ट सांगायला सुरुवात केली. १९८१च्या आयबीएम पीसीत ८०८८ हा प्रोसेसर होता, त्याला एकंदर एक एमबीच मेमरी ओळखता यायची. त्यातली ६४० केबी प्रोग्रामांना दिली आणि उरलेली पडदा आणि यंत्राच्या अंतर्गत कामाला राखून ठेवली. पुढे रॅम वाढली, पण ही भिंत तशीच राहिली. मग डॉसच्या जमान्यातल्या लोकांनी दोन छोट्या फायली पुन्हा पुन्हा बदलून, माऊसचा ड्रायव्हर इकडे ढकल, सीडीचा तिकडे ढकल असं करत एकेक केबी वाचवली, ती कशासाठी, तर एक गेम सुरू व्हावा म्हणून. काका रंगात आले होते. आम्हीही जागे होतो. तेवढ्यात तुमचा निरोप आला, 'काका, विषयांतर नको. उत्तर ए, बी, सी की डी?' काकांनी त्या रात्री 'शुभ रात्री' लिहिलं. त्यानंतर ते ग्रुपवर फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा देतात.

आता तुमच्या लाडक्या विषयाकडे वळतो. 'संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा, नासाची घोषणा.' याच्या जोडीला 'फोर्ब्स मासिक, जुलै १९८७' असा दाखलाही तुम्ही देता. त्या अंकात तसा लेख नाही, पण आपण ते सोडून देऊ, कारण यामागची खरी गोष्ट तुमच्या घोषणेपेक्षा फार चांगली आहे. रिक ब्रिग्ज नावाच्या संशोधकाने १९८५ मध्ये 'एआय मॅगझीन'मध्ये एक लेख लिहिला. तो नासाच्या एम्स केंद्रातल्या एका संशोधन संस्थेत काम करत होता, नासाचा तुमच्या घोषणेशी संबंध एवढाच. घोषणा नव्हती, ठराव नव्हता, एका माणसाचा एक लेख होता. त्याचं म्हणणं असं की वाक्याचा अर्थ उलगडताना कर्ता कोण, कर्म कोणतं, साधन काय, हे संबंध सुटे करून मांडायची जी पद्धत आपल्या वैयाकरणांनी शास्त्रीय संस्कृतात घडवली, ती कृत्रिम बुद्धिमत्तेत अर्थाची जाळी मांडण्याच्या पद्धतीशी जवळून जुळते. संस्कृतात कोडिंग करा असं तो कुठेच म्हणाला नाही.

त्याच्याही आधी, १९६७ मध्ये, पीटर इंगरमन यांनी 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या नियतकालिकाला एक पत्र लिहिलं होतं. प्रोग्रामिंगच्या भाषांचं व्याकरण लिहायला जॉन बॅकस यांच्या नावाने ओळखली जाणारी जी पद्धत वापरतात, तशाच ताकदीची पद्धत पाणिनीने फार पूर्वी वापरली होती, तेव्हा तिला पाणिनी-बॅकस पद्धत म्हणावं, अशी सूचना त्यात होती. भाऊ, विचार करा. एक अमेरिकन संगणकतज्ज्ञ स्वतःहून पाणिनीचं नाव पुढे करतो, तेही जगातल्या सर्वांत मानाच्या संगणक-नियतकालिकांपैकी एकात, आणि तुम्हाला याची दादच नाही. तुम्ही मात्र न छापलेल्या फोर्ब्सच्या मागे धावता. घरात सोनं असताना बाजारातून पितळ आणून मिरवायचं, तेही सोनं म्हणून, याला काय म्हणावं?

इथवर निदान कोणाच्या खिशाला तोशीस नव्हती. पण तुम्ही 'उपयुक्त टिप्स'ही देता. त्यातली एक निरुपद्रवी आहे. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून रिफ्रेश, रिफ्रेश, रिफ्रेश. एमएस-सीआयटीच्या वर्गापासून आपल्याकडच्या अर्ध्या जनतेच्या बोटांना ही सवय लागली आहे. पंगतीआधी चित्राहुती घालावी तशी काम सुरू करण्याआधी चार-पाच वेळा ती क्रिया होते. त्याने पडद्यावरची चित्रं पुन्हा काढली जातात, बस. रॅम मोकळी होत नाही, वेग वाढत नाही. पण बोटाला व्यायाम होतो, तेव्हा त्याला माझी हरकत नाही.

हरकत आहे ती तुमच्या उन्हाळी टिपेला. 'अकोल्याचा पारा ४५च्या वर, सीपीयू वाचवा. कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण काढून ते कूलरसमोर ठेवा, स्पीड दुप्पट.' प्रोसेसर एका मर्यादेपलीकडे तापला की तो स्वतःच वेग कमी करतो हे खरं. तेव्हा त्याला गार ठेवणं चुकीचं नाही. पण आपल्याकडचा कूलर म्हणजे एसी नव्हे, भाऊ. तो ओल्या ताट्यांतून हवा ओढतो आणि ती ओल खोलीत सोडतो. त्यातून अकोला-अमरावतीचा पूर्णेकाठचा मोठा पट्टा खारपाणपट्टा आहे. बोअरचं पाणी खारट, तेच कूलरच्या टाकीत. काकांकडे मे महिन्यात एक कॅबिनेट आलं. ते टेबलावर आडवं करून त्यांनी आम्हाला फोटो पाठवले. मदरबोर्डवर पिठी साखर भुरभुरावी तसा पांढरा थर बसलेला. रॅमच्या खाचेतल्या तांब्याच्या पायांवर हिरवट गंज. पंख्याच्या पात्यांवर मिठाचा आणि धुळीचा मिळून कडक पापुद्रा, नखाने खरवडला तरच निघणारा. काकांनी ब्रशने, मग स्पिरिटने पुसून पाहिलं. बोर्ड गेला तो गेलाच. मालकाने सांगितलं, 'ग्रुपवर भाऊनं टाकलं होतं.' त्याच्या पोराचं ऑनलाइन परीक्षेचं वर्ष होतं. तुमची टीप मात्र अजून ग्रुपवर आहे आणि एप्रिल आला की तुम्ही ती पुन्हा वर आणता.

आता मूळ मुद्द्यावर येतो, ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो.

तुम्ही दर १५ ऑगस्टला एक संदेश टाकता. त्याचा सारांश असा : 'अमेरिकेने भारताला सुपरकॉम्प्युटर द्यायला साफ नकार दिला. मग अकोला जिल्ह्यातल्या एका मुलाने एकट्याने तीन महिन्यांत शंभर टक्के स्वदेशी, जगात दुसऱ्या नंबरचा सुपरकॉम्प्युटर बनवला. अमेरिका हादरली. नासाने माफी मागितली. वऱ्हाडी असाल तर पुढे पाठवा.'

आम्ही वऱ्हाडी आहोत, म्हणूनच पुढे पाठवत नाही. कारण यातली खरी गोष्ट आमच्या घरची आहे आणि तुम्ही तिची पार वाट लावली आहे.

डॉ. विजय भटकर यांचा जन्म १९४६चा, अकोला जिल्ह्यातल्या मुर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावचा. इंजिनिअरिंग नागपूरला, पीएच.डी. दिल्लीच्या आयआयटीतून. १९८०च्या दशकात भारताला बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी क्रे कंपनीचा एक्स-एमपी २४ हा महासंगणक हवा होता. त्या नावातला पहिला आकडा प्रोसेसर किती ते सांगतो, दुसरा मेमरी किती ते. म्हणजे आपण दोन प्रोसेसरचं यंत्र मागत होतो. अणुकार्यक्रमासाठी ते वापरलं जाईल या संशयाने अमेरिका अडून बसली. शेवटी तिने एक्स-एमपी १४ दिला, एका प्रोसेसरचा, तोही दिल्लीत आणि फक्त हवामानाच्या अंदाजासाठी वापरायच्या अटीवर. म्हणजे नकार साफ नव्हता. साफ नकारापेक्षा जास्त बोचणारा होता.

क्रे यंत्रांचे जनक सेमूर क्रे यांच्या नावावर एक प्रश्न सांगितला जातो. शेत नांगरायचं असेल तर तुम्ही दोन दांडगे बैल घ्याल की १०२४ कोंबड्या? अनेक छोटे प्रोसेसर एकत्र जोडून मोठं काम करू पाहणाऱ्यांची ती टिंगल होती. मुर्तिजापूर तालुक्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, तो बैलच म्हणेल. दोन बैल मागितले तर एकच मिळाला, तोही एकाच शेतात जुंपायच्या बोलीवर. तेव्हा मुरंब्यात जन्मलेल्या माणसाने कोंबड्या निवडल्या.

१९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक या संगणन-संशोधन संस्थेची स्थापना झाली आणि भटकर तिचे पहिले प्रमुख झाले. तीन महिने नव्हे, तीन वर्षांची मुदत होती. एकटा मुलगा नव्हे, अभियंत्यांची तरुण फळी होती. १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. त्यातल्या चिपा भारतीय नव्हत्या. त्या इन्मॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्युटर नावाच्या चिपा होत्या, अनेक एकत्र जोडलेल्या. मग आपलं काय होतं? आपलं होतं ते त्या चिपांना एका रांगेत चालवण्याचं शास्त्र. प्रत्येक ट्रान्सप्युटरला शेजाऱ्यांशी बोलायला चार दुवे होते. एक अवाढव्य गणित अनेक तुकड्यांत कसं फोडायचं, कोणाचं उत्तर कोणाला कधी द्यायचं, एक जण मागे पडला तर बाकीच्यांनी हात बांधून उभं राहू नये म्हणून काय करायचं, हे सगळं यंत्राची मांडणी आणि सॉफ्टवेअर ठरवतं. अवघड असते ती ही सांगड, आणि ती आपल्या लोकांनी घातली. परम ८०००ची कमाल क्षमता एक गिगाफ्लॉप होती, म्हणजे सेकंदाला शंभर कोटी दशांशी गणितं. पुढे एक परम मॉस्कोतही बसला.

'जगात दुसरा' म्हणता, तर जगातल्या महासंगणकांची जी क्रमवारी आज सगळे मानतात ती टॉप ५०० यादीच मुळी १९९३ मध्ये सुरू झाली. त्या पहिल्या यादीतला पहिला संगणक जवळपास ६० गिगाफ्लॉपचा होता. परम घराण्यातला परम पद्म २००३ मध्ये त्या यादीत आला, १७१व्या क्रमांकावर. आणि १७१वा क्रमांक ही लाज नव्हे. ज्या देशाला एकाच्या जागी दोन प्रोसेसर मिळत नव्हते, तो देश स्वतःचं यंत्र घेऊन त्या यादीत आला, हे सांगायला छाती लागते. तुमच्या 'जगात दुसरा'ला फक्त अंगठा लागतो. आणि बैल-कोंबड्यांचा वाद कोणी जिंकला, तेही सांगून टाकतो. आज जगातला प्रत्येक महासंगणक हजारो, लाखो छोट्या प्रोसेसरांचा कळप आहे. भटकरांनी धरलेली वाट पुढे सगळ्या जगाचा हमरस्ता झाली. त्यांना २०१५ मध्ये पद्मभूषण मिळालं. नासाच्या माफीनाम्याची गरज होती कुठे?

'पहिलं' या शब्दाचंही तुम्हाला असंच व्यसन. मेळघाटातलं हरिसाल, धारणी तालुका, 'देशातलं पहिलं डिजिटल गाव' म्हणून तुम्ही वर्षातून दोनदा मिरवता. २०१६ मध्ये राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांनी तसं जाहीर केलं होतं, हे खरं. दूरचित्रवाणीच्या मोकळ्या लहरींवरून तिथे इंटरनेट पोचवण्याचा प्रयोग होता, तोही खरा आणि अभ्यासण्यासारखा. पण त्याच्या आदल्या वर्षी गुजरातच्या साबरकांठा जिल्ह्यातलं अकोदरा हेही 'पहिलं डिजिटल गाव' म्हणून जाहीर झालं होतं. दोन गावं पहिली कशी? तर एकाने बँकेचे व्यवहार मोजले, दुसऱ्याने इंटरनेट मोजलं. आणि २०१९च्या निवडणुकीत हरिसालच्या जाहिरातीतलं चित्र आणि गावातली स्थिती यांच्यातली तफावत राज ठाकरे यांनी सभांमधून पडद्यावर दाखवली, ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. हरिसालबद्दल बोलायचं तर तिथे रेंज येते का, दवाखान्यातली व्हिडिओ तपासणी चालते का, पोट्टे त्यावर काय शिकतात, हे विचारायला हवं. तुम्ही गावाला पहिला नंबर देऊन मोकळे झालात, आणि पहिला नंबर आल्यावर चौकशी करायचं काही उरतच नाही.

आता तुमच्या गुन्ह्याचा खरा परिणाम ऐका. परवा एका सभासदाच्या बारावीतल्या मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी विषय हवा होता. बापाने सांगितलं, आपल्या मुरंब्याच्या भटकरांवर कर. ती म्हणाली, 'बाबा, ते तर व्हॉट्सॲपवरलं हाये. तसलं काई खरं नसते.' तिने तुमच्या संदेशात नासाची माफी वाचली होती, ती खोटी हे तिला कळलं होतं, मग तिने त्यासोबत मुरंबाही खोटाच धरला. भाऊ, मुरंबा मुर्तिजापूरहून किती लांब आहे? त्या पोरीला तुम्ही तो नासाइतका लांब करून ठेवला. खोटी बढाई उघडी पडते तेव्हा ती एकटी पडत नाही, शेजारच्या खऱ्यालाही सोबत घेऊन पडते. टॉमलिन्सन सांगणारा पोट्टा गप्प झाला, काकांची डॉसची गोष्ट अर्धी राहिली, आणि आता आमच्याच जिल्ह्यातला खरा माणूस आमच्याच मुलांना फॉरवर्ड वाटू लागला. तुमच्या खात्यावर हे तीन गुन्हे लिहून ठेवतो.

तुमचे बचाव मला पाठ आहेत. पहिला, 'आला तसा पाठवला.' असेल. तुमच्या प्रत्येक संदेशावर दोन बाणांची खूण असते, म्हणजे तो तुमच्याकडे येण्याआधीच हातोहात फिरून आलेला असतो. त्या खुणा आणि पुढे पाठवण्यावरच्या मर्यादा उगाच आलेल्या नाहीत. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. देशात अशा घटना ओळीने घडत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असं बंधन आणलं, आणि २०२० मध्ये फार फिरलेल्या संदेशांसाठी ते एका ठिकाणावर आणलं. त्या अफवेलाही कोणीतरी 'आला तसा'च पाठवलं होतं. तुमचे कॉस्मिक किरण कोणाचा जीव घेत नाहीत, मान्य. पण न वाचता पुढे ढकलायची सवय तीच, आणि ती सवय आधी निरुपद्रवी संदेशांवरच लागते.

दुसरा बचाव, 'हेतू चांगला होता, देशाचा अभिमान आहे.' अभिमानाला खोट्याचा टेकू लागत असेल तर तो अभिमान आपल्याच माणसांवर अविश्वास दाखवतो. परम ८००० एक गिगाफ्लॉपचा होता, एवढं सांगून तुमचं समाधान होत नाही, याचा अर्थ तुम्हालाच तो कमी वाटतो.

तिसरा बचाव नवा आहे, 'एआयला विचारून खात्री केली.' २०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आला आणि तुमची सोय झाली. पण ते यंत्र मुळात पुढचा शब्द कोणता शोभेल याचा अंदाज बांधत वाक्य लिहितं. तुम्ही 'नासाने परमबद्दल माफी कधी मागितली?' असं विचारलंत, तर ते सभ्यपणे एखादी तारीखही देऊ शकतं. तुम्हाला साक्षीदार हवा होता, तुम्ही होयबा नेमला.

तेव्हा भाऊ, तुम्हाला ग्रुपवरून काढायचं नाही असं आम्ही ठरवलं आहे. काढलं तर तुम्ही दुसरा ग्रुप काढाल, आणि तिथे काका नसतील, पोट्टा नसेल, तुम्हाला टोकणारं कोणीच नसेल. इथेच राहा. मात्र तीन गोष्टी पाळा. प्रत्येक गोष्टीसोबत वर्ष लिहा, आणि ते कुठे छापलं होतं ते लिहा. ते सापडलं नाही तर संदेश आपोआप थांबेल, तुम्हाला थांबवायला कोणी लागणार नाही. 'पहिला', 'सर्वांत मोठा', 'जगात दुसरा' हे शब्द आले की कोणी मोजलं ते विचारा. आणि शनिवारची प्रश्नमंजुषा एक महिना बडनेऱ्याच्या पोट्ट्याकडे द्या. त्याची माफी मागायची असेल तर ग्रुपवरच मागा, फुलीही तिथेच मारली होती. कूलरची टीप आजच पुसा.

आणि काकांना सांगा, ६४० केबीची गोष्ट पूर्ण करा. त्यांनी तो गेम शेवटी सुरू केला की नाही, हे आम्हाला अजून कळलेलं नाही.

येत्या १५ ऑगस्टला संदेश टाकायचाच असेल तर हा टाका : डॉ. विजय भटकर, जन्म मुरंबा, तालुका मुर्तिजापूर, जिल्हा अकोला. त्यांनी आणि सी-डॅकमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये परम ८००० उभा केला. एवढंच लिहा. ते सगळं खरं आहे, त्यात स्वतःकडचं काही घालू नका.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ग्रुपवरचा एक वाचक